गावात घेतल्याचं जेवण

कुणी "तुमचं गाव कुठलं?" विचारलं की मी "मुलुंड" म्हणते. "तसं नव्हे हो, मूळ गाव?" तरी मुलुंडच. समोरच्याचं तोंड वाकडं होतं. होऊ दे. मला त्या प्रश्नाचीच किळस येते, आणि ही किळस आजची नाही, ऐंशीच्या दशकातली आहे.

बाबांचं सगळं आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरावर चालायचं. संपात गिरणीची नोकरी गेली, मग एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन लागले. तिथे "ए वॉचमन" सोडून त्यांना कुणी हाक मारत नसे. पण रविवारी घाटकोपरला गावच्या मंडळाच्या बैठकीला गेले की ते अमक्या गावचे, वरच्या वाडीतले, मानकऱ्यांच्या घरातले. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे. मला ते कळायचं. माणसाला आपलं म्हणून सांगायला काहीतरी लागतंच ना.

मग देवळाच्या जमिनीवरून गावाने बाबांच्या चुलतभावाला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या दारात जायचं नाही. बाबा त्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकून आले. झालं! बाबाही वाळीत. आणि हे तिकडे कोकणात नव्हे हं, इथे मुंबईत. मुलुंडच्या बाजारात गाववाला समोरून आला की आम्हाला बघून रस्ता ओलांडायचा. मी तोंडावर हसायचे. बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत.

दोन वर्षांनी आजी गेली. बाबांनी सगळ्यांना निरोप धाडले आणि दुपारपर्यंत जिन्याच्या तोंडाशी खाली बघत उभे राहिले. एक माणूस आला नाही. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, उचलूया आता. किती वेळ ठेवायचं?" हे काका नगरकडचे, बौद्ध, टेलिफोन खात्यात नोकरीला, दहा वर्षं आमची भिंतीला भिंत. बाबा मडकं धरून पुढे चालले आणि खांदा दिला तो काकांनी, त्यांच्या दोन भावांनी आणि खालच्या इस्त्रीवाल्याने. सुतकात आमच्याकडे स्वयंपाक बंद, तर काकू दोन्ही वेळेला पिठलं-भाकरी आणून द्यायच्या. बाबा मागून घेऊन खायचे.

दहाव्या दिवशी मंडळाचा निरोप आला. बैठकीला ये, नारळ ठेव, चूक कबूल कर, म्हणजे तेराव्याला गाव जेवायला येईल. मी म्हटलं, "बाबा, जाऊ नका. आजीला उचलायला नाही आले, आणि जेवायला बरे येतात?" ते नारळ आणायला खाली उतरले. अध्यक्ष म्हणजे बाबांच्या मांडीवर खेळलेलं पोर, आणि साठीला टेकलेला माझा बाप त्याच्या पाया पडून आला. दारातूनच ओरडले, "घेतल्यानी गो! गावात घेतल्यानी!" डोळे भरून आले होते त्यांचे. आईही रडली. मला शिसारी आली. स्वतःच्या बापाची शिसारी यावी, अशी वेळ कुणावर येऊ नये.

तेराव्याच्या सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "काकांना सांग, उद्या या म्हणावं जेवायला. आज गावची माणसं आहेत, उगाच कोण काय बोलेल."

"तुम्हीच सांगा ना."

"मला नाही जमायचं गं. तू सांग."

म्हणजे लाज होती तर! लाज होती, तरी निरोप पाठवायचाच होता.

मी बावीस वर्षांची, मरोळला नोकरी करणारी, तोंडाने फटकळ म्हणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध. आणि मी गेले. तेच आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. काका पांढरा शर्ट घालून तयार बसले होते. मी म्हटलं, "काका, गावची चाळीस-पन्नास माणसं येतायत. घरात जागाच नाही, म्हणून बाबा म्हणाले, तुम्ही उद्या..."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" काका ताडकन उठले आणि खाट भिंतीला उभी करायला लागले. "दुसरी पंगत इकडे बसवू. आमची खोली आहे की. अगं, ऐकलंस का, ती मोठी सतरंजी काढ."

काकू हलल्या नाहीत. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ठेवा ती खाट खाली. जागेचं नाही ते."

काकांनी खाट खाली ठेवली. मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"जा तू," ते म्हणाले, "तिकडे वाढायला माणसं लागतील." आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

मी घरी आले आणि पन्नास माणसांना भात वाढला. अध्यक्षाने दोनदा मागून घेतला.