पदराखालचा भाव

शिंगरू विकायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांत जास्त भांडले मी, आणि विकायला म्हसा गावच्या जत्रेत जावं लागलं तेही मलाच.

घोडी मूळची बाबांची. आमचं गाव मुरबाडच्या वर, डोंगराच्या अंगाला. गावाच्याही वर चढावर लहान लहान वाड्या. बाबा घोडीवर मीठ, तेल, साबण, कापड लादून त्या वाड्यांवर न्यायचे आणि उतरताना हिरडा, आवळे, मध घेऊन यायचे. नव्वदनंतर वाड्यांपर्यंत खडीचा रस्ता झाला, जीप वर जायला लागली, आणि घोडीला कामच उरलं नाही. शेजारीपाजारी म्हणाले, विकून टाका. बाबा म्हणाले, "इतकी वरसं तिनं आपल्याला पोसलं, आता आपुन तिला पोसू." त्या रिकामपणात ती गाभण राहिली. कुणाकडून, ते बाबांनाही सांगता येईना. लग्नसराईत गावातून वरातीचे घोडे जायचे, त्यांतलाच कुणी गुणाचा असणार. घोडी व्याली, आणि शिंगरू महिन्याचं व्हायच्या आत पोट फुगून गेली.

मग ते शिंगरू मी वाढवलं. गाईच्या दुधात कोमट पाणी आणि गुळाचा खडा घालून, भाच्याच्या जुन्या बाटलीने पाजायचे. पहिले दोन दिवस त्याने बाटलीला तोंड लावलं नाही. मी दुधात बोटं बुडवून त्याच्या तोंडात धरत होते आणि रडत होते. तिसऱ्या दिवशी त्याने बोटं चोखायला सुरुवात केली, आणि तिथून पुढे मीच त्याची आई. मी विहिरीवर गेले की मागे, गोवऱ्या थापायला बसले की मागे. तांदूळ पाखडायला घेतले की सुपात तोंड. आई ओरडायची, "एकतर त्याला घरात घे, नायतर तू गोठ्यात जा!" रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, आणि पाय इतके लांब की धावताना ते त्याचे त्यालाच आवरायचे नाहीत. बायका मला चिडवायच्या, "काय गो, सासरी शिंगरू घेऊन जानार का?" मला कुणी काही बोललेलं सहसा खपत नाही, पण या चिडवण्याचा मला कधी राग आला नाही. मनातून मला तेच तर हवं होतं.

ते दीड वर्षाचं झालं आणि माझं लग्न ठरलं. शहापुरात, बसस्टँडच्या मागे, दोन खोल्यांचं घर. नवऱ्याची सायकल दुरुस्तीची टपरी. सगळं चांगलं होतं, पण त्या घराला अंगण नव्हतं. माझ्या मामाबरोबर मी सासरी निरोप धाडला, शिंगरू बांधायला कुठे जागा होईल का. आईला हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. निरोपाचं उत्तर आलं नाही, पण लग्न मोडलं नाही हेच नशीब, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

माझ्यामागे त्याचं करणार कोण, हाच प्रश्न होता. आईला गुडघे धरून उठावं लागत होतं. बाबांचा उजवा हात आदल्या पावसाळ्यात लकव्याने गेला होता. बोलणं स्वच्छ, चालणं ठीक, पण हात नुसता लोंबायचा. बाबा म्हणाले, "पौषात म्हशाला न्यायचा. आनि सौदा तू करायचा. जनावर तुझं हाय."

जत्रेतल्या गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर उपरणं किंवा टॉवेल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक हजार, सगळा पंजा धरला की पाच. बोट दुमडलं की तेवढे कमी. पटलं तर हात घट्ट दाबायचा, नाही पटलं तर सोडून द्यायचा. बाहेर दोघांची तोंडं कोरी. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो, आणि पुढेही तो कुणी कुणाला सांगत नाही. डाव्या हाताने हा व्यवहार होत नाही, म्हणून बाबांचा नाइलाज होता. त्यांनी ओट्यावर बसवून मला सगळ्या खुणा शिकवल्या. शिकवताना स्वतःचा निकामी हात मांडीवर घेऊन त्याचीच बोटं दुमडून दाखवत होते. भाव किती धरायचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी मनात जो भाव धरला होता तो माझ्या मायेचा होता, बाजाराचा नव्हता.

जत्रेत बैलांच्या रांगा संपतात तिथे कडेला आम्ही उभे राहिलो. घोंगड्यांच्या दुकानांवरून लोकरीचा वास येत होता, कुठेतरी आकाशपाळण्यावरचा कर्णा वाजत होता, आणि शिंगरू माझ्या काखेत तोंड खुपसून उभं होतं. पहिला आला तो दलाल. शिंगरू अंग झटकत होतं तरी त्याने त्याचे दात बघितले, खूर उचलून बघितले, आणि मग डोळ्याखालचा केसांचा भोवरा शोधून काढला. "ही खोड हाय. असला भोवरा असला म्हंजे धनी रडतो," तो म्हणाला. भाव पाडायची ही त्याची रीत. मी म्हटलं, "टोपी काढा बघू तुमची. तुमच्या डोक्यावर किती भोवरे हायेत ते मोजते, मग सांगते कोन रडतो ते." बाजूचे बैलवाले हसले. दलाल बाबांना म्हणाला, "पोरीला आवरा." बाबा म्हणाले, "आमाला आवरली नाय, तुमी बघा जमतंय का."

दुपारी माथेरानच्या पायथ्याचा एक माणूस आला. वर डोंगरावर पर्यटकांना घोड्यावर फिरवायचा धंदा. तो वेगळ्या रीतीने बघत होता. दात-खूर नंतर, आधी तो शिंगराजवळ नुसता उभा राहिला, त्याला आपला वास घेऊ दिला. त्याला शिंगरू आवडलं हे मला कळलं, आणि मला त्याचा रागच आला. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हात पुढे केला, बाबांकडे. बाबांनी मानेने मला दाखवलं. तो गोंधळला. परक्या पोरीचा हात टॉवेलखाली धरायचा कसा? भोवतीचे लोक खुसखुसायला लागले. तो बिचारा लाजून लाल झाला आणि मागे वळून ओरडला, "आये, ये गो हितं!"

घोंगड्यांच्या दुकानापाशी बसलेली त्याची म्हातारी उठून आली. काटकुळी, काष्टा घातलेली, हातात बांगड्यांपेक्षा शिराच जास्त. तिने सगळं ऐकून घेतलं, शिंगराभोवती एक फेरी मारली, आणि आपला पदर माझ्या हातावर टाकला.

आत तिचा हात गरम होता आणि खडबडीत. लगामाने पडलेला घट्टा माझ्या तळव्याला लागला. मी माझा भाव धरला. आकडा इथे लिहीत नाही, पदराखालचा आहे. एवढंच सांगते की त्या भावात त्या वर्षी चांगला चालता घोडा आला असता. मला वाटलं, ती हात झटकून देईल. तिने झटकला नाही. तिने बोटं मोजून घेतली, पदर बाजूला केला आणि सगळ्यांसमोर तोंडाने बोलली. बाजारात असं कुणी बोलत नाही.

"देते," ती म्हणाली. "तू मागतेस तेवढं देते. पन मग याला याच उन्हाळ्यात सीझनला काढावा लागेल, बाय. एवढा पैसा घालून मला तो उभा ठेवाया परवडायचा नाय. याची पाठ अजून कच्ची हाय. तीन वरसं व्हायच्या आदी वझं टाकलं की हा जलमाचा वाकला."



"आनि कमी घेतलंस तर?" तिनेच पुढे सांगितलं, "दोन पावसाळे नुस्ता खाईल. माज्या दारात. मी बघते."

तिचा मुलगा चुळबुळत होता. त्याला हे पटलेलं दिसत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. बाबा तिसरीकडेच, पाळण्याकडे बघत होते. माझा असा संताप झाला! त्या दुधासाठी आईच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या, थंडीत गोठ्यात मी निजले होते, आणि आता माझ्या शिंगराचा भाव कमी? म्हातारी खोटं बोलत असली तर? भाव पाडायची तिची ही दलालापेक्षा गोड रीत असली तर? तिच्या तोंडाकडे बघून काही कळेना. मग मी तिच्या हाताकडे बघितलं. तो हात शिंगराच्या पाठीवर होता, खोगीर बसतं नेमक्या त्या जागी, आणि तिथली कातडी शिंगराने थरथरवलीसुद्धा नव्हती. नव्या माणसाचा हात त्याला खपत नसे.

मी तिचा पदर ओढून पुन्हा माझ्या हातावर घेतला. तिने पंजा उघडा ठेवला. मी माझीच दोन बोटं दुमडली. ती थांबून राहिली. मी तिसरंही दुमडायला गेले, तर तिने ते धरलं आणि सरळ केलं. "बास," म्हणाली, आणि माझा हात घट्ट दाबला.

टेम्पोत चढवताना शिंगराने माझी ओढणी दातात धरून ठेवली होती. ती फाडून घ्यावी लागली. म्हातारी पुढे पोराशेजारी बसली नाही; मागे, शिंगरापाशी, गवतावर बसली. ते खिंकाळत होतं. टेम्पो नारिवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मला ते ऐकू येत होतं, नंतर कर्ण्याच्या आवाजात बुडालं.

एसटीत बाबांनी भाव विचारला नाही. मुरबाड आल्यावर म्हणाले, "परवडलं का गो त्यांना?"

"परवडलं."

"आनि तुला?"



त्या पैशांत आईने माझ्या लग्नाचा पितळी हंडा आणि भांडी घेतली. शहापुरात सगळे म्हणायचे, काय भारी हंडा आहे! मला तो घासावासा वाटत नसे. संसार झाला, दोन मुलं झाली, टपरीचं दुकान झालं. पण लग्नसराईत रस्त्यावर टापा वाजल्या की मी हातातलं लाटणं घेऊन तशीच दारात यायचे. वरातीतल्या घोड्याचं कपाळ बघायचे, आणि मग त्याची पाठ. मुलं हसायची. काखेत ते ऊबदार तोंड खुपसलेलं मला कधीही जाणवायचं, भर स्वयंपाकात, भर बाजारात, आणि तेवढ्यापुरतं हे सगळं सोडून गोठ्यात जाऊन बसावंसं वाटायचं. नवरा दर मे महिन्यात म्हणायचा, "चल, माथेरानला जाऊन येऊ, शोधू तुझं शिंगरू." मी काहीतरी कारण काढायचे. पाठीवर व्रण दिसला असता, तर मला आयुष्यभर झोप लागली नसती. बघितलं नाही तोवर म्हातारीचा शब्द खरा होता.

बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी म्हटलं, चल. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं.

माथेरानला घोड्यांच्या नाक्यावर त्या माणसाला ओळखायला वेळ लागला नाही. केस तेवढे पिकले होते. मी म्हशाच्या बाजाराचं सांगितलं आणि तो एकदम मोठ्याने म्हणाला, "अरे, बोटं दुमडनारी बाय!" म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली होती. "आयेनं दोन पावसाळे हात लावू दिला नाय त्याला," तो सांगत होता. "गिऱ्हाईक दारात उबं, घोडा कमी, आनि हा आपला खातोय. माझी आनि तिची रोज भांडनं. शेवटी पयली बसली तीच. चालवत नव्हतं तिला, तर हाच तिला दवाखान्यात न्यायचा. तिच्या हातानं खायचा, आता माज्या." त्याने मागच्या रांगेतून लगाम धरून एक घोडा पुढे आणला.

तांबूस. कपाळावर टिळा. पाय आता बरोबर मापाचे. मी खोगिराखाली हात घातला आणि पाठ चाचपली, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, सावकाश. सरळ, भरलेली, कुठे एक व्रण नाही. माझे डोळे भरून आले. मी त्याच्यासमोर गेले आणि तो शिंगरू असताना मारायचे ती हाक मारली. त्याने माझ्या हाताचा वास घेतला, शिष्टाचार म्हणून घ्यावा तसा, आणि तोंड फिरवून त्या माणसाच्या खिशात खुपसलं. मी पुन्हा हाक मारली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्या माणसाने जिभेने चक् केलं, आणि घोडा त्याच्याबरोबर लाल मातीच्या वाटेने निघाला, मान खाली, चाल अगदी निवांत.

तो त्या घराचा व्हावा, एवढंच मी जत्रेत बोटं दुमडताना मागितलं होतं, आणि तो त्या घराचा झाला होता. वळणावर झाडीत दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. एकदा तरी त्याने मागे वळून बघायला हवं होतं.