शेवटच्या डावाचा पिचर

नागपूरला कॉलेजात मध्यमगती गोलंदाजी केली होती. तेवढ्या भांडवलावर मी डब्लिनजवळच्या एका हौशी बेसबॉल संघात शिरलो आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झालो. सामन्याची सुरुवात आम्ही तिघं पाळीपाळीनं करायचो. एकानं एका रविवारी टाकलं की पुढचे दोन रविवार त्याच्या हाताला विश्रांती.

मग एका उन्हाळ्यात माझा खांदा कुरकुरू लागला. आमच्या कोच म्हणजे अर्धं आयुष्य अमेरिकेत काढून परतलेल्या एक आयरिश बाई. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे सुरुवात दुसरा कुणी करेल. आघाडी निसटायची भीती वाटली, तरच शेवटच्या डावात मला आणायचं. मी इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे "ठीक आहे", म्हणालो आणि घरी येऊन बायकोशी धड बोललो नाही.

तेव्हा बाबा नागपूरहून आमच्याकडे, डब्लिनच्या ॲडम्सटाउन उपनगरात, राहायला आले होते. रविवारी त्यांना मैदानावर नेलं. राखीव पिचरनं हात मोकळा करायची जागा एका कोपऱ्यात, झुडपांच्या कुंपणाला लागून होती. तिथल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. इथलं उन्हाळ्यातलं ऊन कलतं, पण मावळायचं नाव घेत नाही. ढग सरकला की गवताचा रंग बदलायचा. दूरवर बॅट फिरलेली दिसायची आणि ठोका मागाहून ऐकू यायचा.

बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तुले कवा बलावतीन?"

"शेवटी. तेही गरज पडली तर."

"अन् तवरोक?"

मी हातातला चेंडू फिरवत राहिलो. त्यांनी बाकावरचा जादा ग्लोव्ह हातात चढवला, समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टाक मंग."

बाबांची सगळी नोकरी फिरतीची. लहानपणी त्यांच्याशी चेंडू खेळल्याचं मला आठवत नाही. मी अगदी अलगद टाकला. तो सुटून गवतात गेला. ते सावकाश जाऊन घेऊन आले. पुढचा त्यांनी पकडला आणि परत टाकला. चेंडू जात होता, येत होता, ग्लोव्हमध्ये मऊ आवाज करत होता. सामना कुठवर आला, किती वेळ गेला, काही कळत नव्हतं. वाऱ्यावर कापलेल्या गवताचा वास होता. आपण इथंही नाही आणि नागपुरातही नाही, मधेच कुठेतरी आहोत, असं वाटत राहिलं.

कोचनी हात उंचावला तेव्हा संघातल्या एकाला मला हाक मारावी लागली. आघाडी एकाच धावेची होती. मी गेलो. दोघं बाद झाले. तिसऱ्यानं उंच फटका मारला, तो आमच्याच माणसाच्या ग्लोव्हमध्ये उतरला आणि सामना आम्ही जिंकलो. सगळे उठले म्हणून बाबाही उठले.

बाबा नागपूरला परत गेले. पुढच्या मोसमात खांदा बरा झालेला बघून कोचनी विचारलं, पुन्हा सुरुवात करणार का? मी म्हणालो, नको, मला शेवटीच ठेवा. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि कुंपणाजवळच्या त्या बाकाबद्दल मीही काही सांगितलं नाही.