बाबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह

दादाच्या मुलाने गिटारच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "आत्या, हा बघ जुन्या काळचा आवाज." आवाज खरंच मऊ होता. पण तापलेल्या धुळीचा वास काही आला नाही.

पूर्वी आदिलाबादच्या घरी दादाने स्वतः व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या दिव्यासारख्या नळीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. त्यावर गिटार वाजवली की आवाज कानात टोचायचा. "नवा व्हॉल्व्ह लय कडक बोलून राह्यला," दादा म्हणाला. "मुरलेला पाहिजे." तसा घरात एकच होता, बाबांच्या रेडिओत. मी बॅटरीचा उजेड धरला, दादाने पेचकसाने रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि तो व्हॉल्व्ह काढून आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला. काचेच्या आत हळूहळू केशरी उजेड आला, धुळीचा तो वास सुटला आणि पहिलाच सूर सायीसारखा दाट उमटला.

तेवढ्यात बाबा कचेरीतून आले. बातम्यांसाठी त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं. रेडिओ गप्प. दादाची बोटं तारांवरच थांबली.

"आज बातम्या काऊन नाही लावल्या?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आज नाहीत," बाबा म्हणाले आणि खुर्ची आमच्या खोलीकडे वळवून बसले. "थांबला काऊन रे? वाजव."

वाचलो एकदाचे, असं मला तेव्हा वाटलं होतं. दादाचा पेचकस मात्र रेडिओवरच राहिला होता, बाबांनी फिरवलेल्या बटणाच्या अगदी शेजारी.