डोंगरातली आमची स्वारी

ओमानच्या सीमेवरच्या डोंगरात एक जुना मातीचा किल्ला आहे. यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळाची सहल तिथे गेली. दारातल्या फलकावर गावाचा इतिहास लिहिला होता. आधी इराणी आले, मग पोर्तुगीज, मग डोंगरापलीकडच्या टोळ्या. फौज दिसली की गावकरी शेळ्या घेऊन वर डोंगरात जायचे आणि ती निघून गेली की खाली यायचे. फलक मी एकट्यानेच वाचला. बाकीच्यांना जागा अडवायची घाई होती.

जागा अडवण्यात आपला हात धरणारा जगात कोणी नाही. बसचं दार उघडताच दोन वीर सतरंज्या घेऊन धावले. तिथल्या एकुलत्या एका झाडाखाली एक अरब कुटुंब कॉफी पीत बसलं होतं. आमच्या माणसांनी त्यांच्या चारी बाजूंना सतरंज्या अंथरून मोठ्या प्रेमाने वेढा दिला आणि स्पीकरवर ढोलताशा लावला. अध्यक्षांना कुठलाही किल्ला आपलाच वाटतो. ते बुरुजावर चढले आणि सह्याद्रीवर पाऊण तास बोलले.

कुटुंबातल्या आजोबांनी हसून आम्हाला खजूर दिले, चटई गुंडाळली, थर्मास उचलला आणि सगळे डोंगराची वाट चढू लागले.

"किती साधी माणसं!" अध्यक्ष गहिवरले. "मागितली नव्हती, तरी जागा दिली!"

संध्याकाळी "यल्ला, यल्ला", चला चला करत आमची बस निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते लोक डोंगर उतरून खाली येत होते.