मासानच्या रिसीव्हरची घासाघीस

दक्षिण कोरियातल्या मासान बंदराच्या मासळी बाजारात माल्सुनने पंचवीसेक वर्षं सुकी मासळी विकली, पण गिऱ्हाइकाशी घासाघीस कधी केली नाही. कुणी मासा नाकाशी नेऊन "जरा वास येतोय हो मावशी" म्हणालं, की ती तो त्याच्या हातातून काढून घेई. "वास येतोय ना? मग नाकाला झेपत नाही ते पोटात कशाला घालता?" गिऱ्हाईक वरमून म्हणे, तसं नव्हे, भाव जरा कमी केला असता तर. "मग भाव कमी करा म्हणा. माझ्या माशाला कशाला नावं ठेवता?" चांगल्या मालाला नावं ठेवायची आणि मग तोच पिशवीत घालून न्यायचा, हा कुठला न्याय, असं तिचं म्हणणं होतं. बाजार तिला हसायचा, पण खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं.

आता गाळा विकून झाला होता. सकाळी शाळेच्या चौकात पिवळा झेंडा धरून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, त्याचे म्हाताऱ्यांना जे काय चार पैसे मिळतात ते घ्यायचे, आणि त्यातले वाचवायचे. कशासाठी, तर जुना स्टिरिओ घेण्यासाठी. साठी उलटलेल्या बाईला हे कसले डोहाळे, असं गल्लीत बोललं जाई. तिला कुठलाही स्टिरिओ नको होता. तिला एकच रिसीव्हर हवा होता, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला, रुपेरी तोंडाचा, बाजूला लाकडी फळ्या लावलेला. तो तिने स्वतः बनवला होता. स्वतः म्हणजे तिच्यासारख्या शेकडो पोरींनी.

माल्सुन या नावाचा अर्थच शेवटची. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा बापाने देवाला दिलेली ती ताकीद होती. देवाने ऐकलं, पुढच्याच खेपेला भाऊ झाला. त्या भावाला शिकवायचं म्हणून माल्सुन सोळाव्या वर्षी निर्यात वसाहतीतल्या एका जपानी मालकाच्या कारखान्यात लागली. सरकत्या पट्ट्यावरून सर्किटच्या पाट्या येत. आवाज जाड-बारीक करायच्या बटणांमागची पाटी ती सोल्डर करी. धुराने डोळे चुरचुरत, रात्रपाळीला मान कलली की मुकादम टेबलावर काठी आपटे. तयार पेट्या तपासायची खोली काचेच्या पलीकडे होती. तिथे साहेब कान देऊन बसत आणि बाहेर पोरींना फक्त त्यांच्या डोलणाऱ्या माना दिसत. सगळा माल जहाजाने परदेशी जाई, देशात एक नग विकायची सोय नव्हती. संध्याकाळी फाटकावर प्रत्येकीची झडती होई, वेण्यांतसुद्धा बोटं घालून. एखादा स्क्रू पोरीच्या घरी गेला असता तर जपान समुद्रात बुडाला असता बहुतेक.

नऊ वर्षं तिने ती पाटी सोल्डर केली, आणि त्या पेटीतून गाणं कसं वाजतं हे तिने एकदाही ऐकलं नाही. पोरी पगार वाढवून मागायला लागल्या तसा एके सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. मालक अधिक स्वस्त पोरींच्या देशात निघून गेला होता. गावाने त्यांना नाव मात्र दिलं, कोंगसुनी. म्हणजे कारखान्यातली पोरगी. पण ज्या तोंडाने लोक ते म्हणत, त्यापेक्षा शिवी बरी.

भाऊ शिकला, बँकेत मोठा झाला, आणि बुसानला त्याने नुसतं संगीत ऐकायला म्हणून एक खोली सजवली. माल्सुनने एकदा त्याला फोनवर विचारलं, आमच्या कारखान्यातला एखादा रिसीव्हर कुठे दिसतो का बघ ना.

"कशाला ताई?" तो म्हणाला. "घ्यायचाच तर जपानात बनलेला घे. मासानचे म्हणजे नुसती जुळवाजुळव. आवाजात दम नसतो."

ज्या जुळवाजुळवीवर याच्या कॉलेजच्या फिया भरल्या गेल्या, ती याच्या कानाला आता पुरेना. माल्सुनने फोन ठेवला, आणि त्याच दिवसापासून शोध सुरू केला.

शोध सोपा नव्हता, कारण तोवर जुन्या वस्तूंचं वेड तरुण पोरांच्या डोक्यात शिरलं होतं. काल ज्या गोष्टी भंगारवाला फुकट उचलत नव्हता, त्या आज काचेच्या कपाटात जाऊन बसल्या होत्या. समुद्राकाठच्या एका कॅफेत तिला हवा तोच रिसीव्हर दिसला. वर निवडुंगाची कुंडी. तिने मागे वाकून पाहिलं तर वायर मुळापासून कापलेली.

"हा वाजत का नाही?" तिने गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं.

"तो वाजवायचा नाहीये आजी. फोटोत छान दिसतो."

"आत काय आहे?"

"काहीच नाही. जड होता म्हणून काढून टाकलं."

माल्सुनने कॉफी अर्धी टाकली आणि उठली. पोटातलं काढून टाकून वर निवडुंग ठेवायचा, आणि याला आवड म्हणायचं. तिला रस्ताभर राग आवरेना.

शेवटी पत्ता काढला तो गुमजाने. ही पट्ट्यावर माल्सुनच्या शेजारच्या खुर्चीत बसणारी, आता पाच नातवंडांची आजी, आणि मासानच्या कुठल्याही दुकानात भाव पाडण्यात पटाईत. चांगदोंगच्या बोळात ह्वांगबो नावाच्या माणसाचं जुन्या स्टिरिओंचं दुकान होतं. अमेरिकेत म्हातारी माणसं मेली की त्यांचे स्टिरिओ कंटेनर भरून इकडे कोरियात येतात, त्यातून त्याच्याकडे हा नग आला होता. म्हणजे पोरींना झडती घेऊन घरी पाठवलं, पेटी समुद्रापार पाठवली, आणि आता अमेरिकेने वापरून झाल्यावर तीच पेटी पुन्हा पोरींनाच विकायची. ह्वांगबोने फोनवर भाव सांगितला होता एक लाख ऐंशी हजार वॉन.

दुकानात जाण्याआधी दोघी मासळीचं गरम सूप प्यायल्या. गुमजाने नियम घालून दिला.

"तू तोंड उघडायचं नाहीस. तू बोललीस की भाव चढतो."

"आणि तू काय बोलणार?"

"नावं ठेवणार. त्याशिवाय भाव पडतो का? तुझ्याकडे आहेत एकूण एक लाख ऐंशी. सगळे पेटीला दिलेस तर स्पीकर कशाचे घेशील, लोणच्याच्या रांजणाचे? साठ हजार तरी खाली आणते."

हे खरं होतं. स्पीकर नसेल तर रिसीव्हर मुका. माल्सुनने मान डोलावली आणि सूप संपवलं.

ह्वांगबो पन्नाशी ओलांडलेला, केस काळेभोर रंगवलेला, बोलायला गोड माणूस. कागदी कपात कॉफी देऊन त्याने खालच्या फळीवरची पेटी टेबलावर घेतली. माल्सुनने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"वाजवून दाखवा की," गुमजा म्हणाली.

"दिवे लावून दाखवतो मावशी. ऐकायची खोली वरच्या फळीच्या मालासाठी आहे." त्याने बटण दाबून दिवे लावले आणि मागच्या काचेच्या खोलीकडे बोट केलं. आत कोटातला एक माणूस डोळे मिटून बसला होता. "हा बघा वर, अगदी हाच नग, पण जपानात बनलेला. त्याला साडेपाच लाख. हा आपला मासानचा. कोंगसुनींच्या हातचा, म्हणून एवढा स्वस्त."

मासान हे आता सरकारी कागदावर शहरसुद्धा राहिलेलं नाही, शेजारच्या शहरात विरघळवून टाकलंय. पण इथे राहणारा प्रत्येक माणूस आपण मासानचे म्हणूनच सांगतो. ह्वांगबोही मासानचाच. त्याच्या तोंडून ते शहर दोष सांगावा तसं आलं.

गुमजाच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. "तेच म्हणते मी," ती म्हणाली. "त्या पोरींना काय कळत होतं? चिखलातून उठून आलेल्या. सोल्डरिंगची कांडी बापजन्मी पाहिली नव्हती. कमी करा वीस हजार."

"वीस? बरं, तुमच्यासाठी म्हणून."

"आणि रात्रपाळीला निम्म्या झोपलेल्या असायच्या. आत काय काय उलटं जोडलं असेल कुणास ठाऊक."

"झोपायच्या कसल्या, रडायच्या म्हणे," ह्वांगबो हसला. "आई आई करून."

"मग अश्रूंनी सांधे गंजले असणार. आणखी वीस काढा."

माल्सुन गुमजाकडे पाहत राहिली. पट्ट्यावर रडायची ती गुमजाच. पहिल्या हिवाळ्यात आई गेल्याची तार आली, रजा मिळाली नाही, आणि ती पाट्यांवर डोकं ठेवून रडत होती तेव्हा मुकादमाला कळू नये म्हणून माल्सुनने तिच्या पाट्या आपल्या पाट्यांबरोबर ओढून सोल्डर केल्या होत्या. तपासणीतून एकही परत आली नव्हती. आणि आज तीच गुमजा वीस-वीस हजाराला ते रडणं विकत होती, आणि भाव खरोखर उतरत होता. भाव मालाचा उतरत नव्हता, हे माल्सुनला स्पष्ट दिसत होतं.

"एक लाख वीस. याखाली माझं दिवाळं निघेल," तिसरे वीस उतरल्यावर ह्वांगबो म्हणाला.

गुमजाने माल्सुनच्या गुडघ्याला चिमटा काढला. काम फत्ते झालं होतं. माल्सुनने पाकीट बाहेर काढलं. ह्वांगबो पेटीला फुगेवाला प्लास्टिकचा कागद गुंडाळू लागला, आणि गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेला, "बिघडला तर माझ्याकडे आणू नका हं. कोंगसुनींचं काम, नशिबावर चालतं."

माल्सुनने पेटीवर हात ठेवला. "थांबा. आधी किंमत किती होती?"

"एक लाख वीस ठरली ना मावशी."

"त्याच्या आधी. नावं ठेवायच्या आधी."

"एक लाख ऐंशी. पण..."

"तेवढेच घ्या." तिने सगळ्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"अगं भवाने, डोकं फिरलं का तुझं?" गुमजा उठूनच उभी राहिली.

"नशिबावर चालतं म्हणालात," माल्सुन ह्वांगबोला म्हणाली. तिचा आवाज बाजारातला होता, काचेच्या आतल्या कोटवाल्याने डोळे उघडून बाहेर पाहिलं. "चाळीस वर्षं परक्या मुलखात चालली ही पेटी. तुम्ही आत्ता बटण दाबलंत आणि दिवे लागले. हे नशीब आहे? वरचा आणि हा एकाच नकाशावरून बनले, एकाच कंपनीच्या साहेबांनी तपासले. मग स्वस्त काय आहे यात? आम्हीच ना?"

"आम्ही म्हणजे?"

"कोंगसुनी. ही आणि मी."

ह्वांगबोने हातातला कागद खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, त्याचे कान लाल झाले. पण दुकानदार तो दुकानदारच. क्षणभराने त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही बनवलाय? मावशी, मग एक फोटो काढू द्या ना पेटीबरोबर. दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकतो. माझ्याकडे आणखी दोन नग येतायत, अशा गोष्टीवर कॅफेवाले दुप्पट देतात."

"आत्तापर्यंत आमच्या नावाने उतरत होता, आता आमच्याच नावाने चढणार," माल्सुन म्हणाली. "दोन्ही वेळा खिसा तुमचाच. फोटो नको. नोटा घ्या."

"निदान वीस हजार तरी परत घ्या. मला बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आले नाही. आणि सूट नको. सुटीपायी आम्ही काय काय बोललो ते ऐकलंत ना."

भाजीच्या चाकांच्या पिशवीत पेटी घालून दोघी बोळातून निघाल्या. गुमजा बराच वेळ फणफणत होती. साठ हजार म्हणजे काय झाडाला लागतात का, रस्त्यावर पोरांपुढे झेंडे हलवून मिळवलेत ते, आणि दिलेस कुणाला, तर त्या रंगवलेल्या केसांच्या माणसाला. तिचं ऐकून घेऊन माल्सुन म्हणाली, "तुझा राग नाही आला. पण तुझ्या तोंडून ते ऐकून फार वाईट वाटलं मला."

"मी काय मनापासून बोलत होते?"

"तेच तर. मनात नसताना किती सहज आलं. आपल्याला सगळं पाठ झालंय, गुमजा."

गुमजाने पिशवीची मूठ तिच्या हातातून घेतली आणि बसच्या थांब्यापर्यंत स्वतः ओढत नेली.

घरी माल्सुनने ओट्याखालून ट्रान्सफॉर्मरचा डबा काढला. अमेरिकेचा माल एकशे दहा व्होल्टचा, सरळ भिंतीत खुपसला तर धूर निघायचा. डबा जोडला, बटण दाबलं. रुपेरी पट्टीमागे हिरवा उजेड पसरला, काटा थरथरून जागेवर आला. आवाज आला तो त्या डब्याच्या गुणगुणण्याचा. स्पीकरशिवाय दुसरा येणं शक्यच नव्हतं.

"घे, ऐक आता तुझा मान," गुमजा म्हणाली, पण तिच्या आवाजात आता तेवढी धार नव्हती. ती उकिडवी बसली आणि तिने जाड आवाजाचं बटण इकडून तिकडे फिरवून पाहिलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"पुढच्या महिन्यात स्पीकर घेईन," माल्सुन म्हणाली. "एवढी वर्षं थांबलेच आहे."

"मी येईन बरोबर. तोंड शिवून येईन." गुमजाने बटणावरचा हात काढला नाही. "पण खरं सांगते माल्सुन, मासानच्या नगाला पूर्ण भाव साऱ्या मासानात कुणी दिला नसता."

"माहीत आहे," माल्सुन म्हणाली. "म्हणून तर मी दिला."