बिचारं दिसण्याची अट

सिडनीत हॅरिस पार्कच्या आमच्या मराठी मंडळात दर शनिवारी गरजू विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे वाटतात. डबे संपतात. किस्से उरतात, आणि माझ्या डोक्यात आंबत बसतात!

*

मी ब्रिटनमध्ये प्राचीन ग्रीक शिकून इथे आईबाबांकडे परत आले. मंडळाचे अध्यक्ष अनंतकाका म्हणाले, "वा! आता सिडनीतल्या ग्रीकांना ग्रीक शिकव. तोवर जरा भात भर."

*

केतकी पुण्याहून युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. गोदामातल्या कामावर हात मोडला, गळ्यात स्लिंग आली, शिफ्ट गेल्या, आणि घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. तिला खोली हवी होती. अख्खं मंडळ हळहळलं, "बिच्चारी!" आणि तिला एक डबा जास्त दिला!

माझं डोकंच सणकलं. "काका, ग्रीकमध्ये कीव येण्याला ढोबळ मानाने दोन शब्द आहेत. ओइक्तोस म्हणजे हाय हाय करत गळा काढणं. एलेओस म्हणजे, हिची काही चूक नव्हती आणि उद्या हे माझंही होऊ शकतं, हे कळून पोटात तुटणं."

"मग आपलं एलेओसच की!" काका म्हणाले. "डबे गरम देतो आपण."

*

पुढच्या शनिवारी केतकी इस्त्रीचा कुर्ता घालून, लिपस्टिक लावून आली. डबे वाटणाऱ्या सुलूकाकू कुजबुजल्या, "ही काय गरजू वाटते?"

मी तावातावाने सांगितलं, की अथेन्समध्ये आरोपी आपली रडती मुलं कोर्टात आणून उभी करायचे, कीव यावी म्हणून.

काकूंचा चेहरा उजळला. "बघ! तेव्हाही पद्धत होतीच!"

*

काका विद्यार्थी असताना कुणाच्या तरी सोफ्यावर राहिले होते. प्रत्येक भाषणात सांगतात! त्यांच्या घरी वरची खोली रिकामी आहे, फक्त ट्रेडमिल असते तिथे. मी केतकीसमोरच सरळ विचारलं, "हिला द्या ना."

"अगं, मग ट्रेडमिल कुठे ठेवू?"

*

मंडळाच्या स्नेहभोजनाला देणगीदारांसाठी फोटो काढायचे होते. काका मोबाईल रोखून म्हणाले, "केतकी, हात जरा पुढे घे. स्लिंग दिसू दे. आणि हसू नकोस गं!"

केतकी उठली. चांगल्या हाताने स्लिंग काढली, काकांच्या गळ्यात घातली, त्यांचा हात तीत नीट बसवला आणि त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. मोबाईल घेतला.

"काका, हसू नका."

क्लिक!

केतकीने फोटो निरखून पाहिला.

"छान बिचारे दिसताय. ट्रेडमिल कधी हलवायची?"