चो आजींच्या गावची चव

चो आजी तांदळाची दारू करायच्या आणि ओतून द्यायच्या. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं. अमेरिकेत, कॅरी शहरातल्या आमच्या टाउनहाउसची एक भिंत त्यांच्या घराला लागून होती, गॅरेजंही शेजारीशेजारी. त्यामुळे आंबल्याचा वास आमच्याकडे, चिलटं आमच्याकडे, आणि दारू अंगणात ओतली की मुंग्याही आमच्याकडे. प्यायचं सुख मात्र कोणालाच नाही.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांची ओळख झाली. उघड्या गॅरेजमध्ये सत्तरीच्या एक बाई पांढरेशुभ्र मोजे घालून एका गाठोड्यावर उभ्या होत्या आणि टाचांनी ते दाबत होत्या. पाय दुखत असावेत असं वाटून मी विचारलं, "काही मदत हवी का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचं इंग्रजी तोडकं, पण हुकमी होतं. "वजन चांगलं आहे. बूट काढ. ये." अर्धं सामान ट्रकमध्ये ठेवून मी परक्या बाईच्या गॅरेजमध्ये गहू तुडवत उभा राहिलो. भरडलेला ओला गहू कापडात बांधून, तुडवून, गवतावर वाळवायचा. त्याला त्या नुरुक म्हणत. त्याचं विरजण वाफवलेल्या तांदळाला लावलं की माकगॉली तयार होते, ताकासारखी पांढरट. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त कंबर धरली.

त्यांचं गाव दक्षिण कोरियात, डोंगरात. तिथे घराघरात माकगॉली व्हायची आणि सरकारची घरच्या दारूवर बंदी होती. तपासनीस आले की आजींची आई रांजण सरपणाच्या ढिगात लपवायची. वास तर सगळ्या आळीभर पसरलेला असायचा, पण शेजारीपाजारी म्हणायचे, आम्हाला काही वास येत नाही बुवा. आजी सांगायच्या, "नाक खोटं बोलत नाही. बरं झालं, माणसं बोलतात."

आमच्याकडचे पाहुणे मात्र खरं बोलायचे. गणपतीला आलेले देशपांडे काका आरतीच्या मध्येच माझ्या कानाशी लागले, "काय रे, गॅरेजमध्ये भट्टी लावलीस की काय?" मी अकोल्याचा, तोवर बिअरलाही न शिवलेला. दुसऱ्या दिवशी मी आजींकडे तक्रार घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "त्यांना एक वाटी द्यायची."

"आजी, घरात देव बसलाय."

"तुमचा देव तांदळाचे लाडू खातो. मी पाहिले." उकडीचे मोदक त्यांनी आदल्या संध्याकाळी भरपूर खाल्ले होते. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

माझी बायको मेधा त्यांच्याबरोबर तांदूळ धुवायला बसायची. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे आणि आजींच्या मते ते कधीच नितळ व्हायचं नाही. मग रांजण भरायचा, रोज ढवळायचा, कान लावून बुडबुडे ऐकायचे. "घाई केली की व्हिनेगर," हे त्यांचं वाक्य आमच्या मुलीनं गृहपाठ टाळायलाही वापरलं. शेवटी एक दिवस आजी वाटीभर गाळून घोट घ्यायच्या, छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "गावची नाही." की चालला रांजण अंगणात.

मेधाला ते बघवायचं नाही. "आजी, निदान लोकांना तरी वाटा."

"चुकीची चव वाटली तर नाव कोणाचं जाईल? गावाचं."

आधी दोष तांदळाचा निघाला, म्हणून मी लांबलांबच्या कोरियन दुकानांतून पोती वाहिली. मग पाण्याचा निघाला. त्यांना डोंगरातलं झऱ्याचं पाणी हवं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ॲशव्हिलच्या पलीकडे ड्राइव्ह करून कॅन भरून आणले. घाटात मुलगी गाडीत ओकली. ती माकगॉलीही अंगणात गेली. त्या दिवशी मी मेधाला म्हटलं, आता या बाईच्या दारात पाय ठेवणार नाही. चार दिवसांनी ठेवला.

मग ऑफिसनं मला सोलला पाठवलं. आजींचं गाव तिथून अजिबात जवळ नव्हतं. तरी मी एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी ट्रेन पकडली, मग बस, मग दुसरी बस. गावातली बहुतेक घरं बंद होती. पर्सिमनची फळं झाडावरच पिकून गळत होती. बंद पडलेल्या शाळेत एक म्हातारे गृहस्थ माकगॉली करत होते. त्यांनी गावची जुनी विहीर दाखवली, दारूला पाणी अजून तिथलंच. वाटी पुढे केली तेव्हा नाही म्हणवेना. आयुष्यातली पहिली दारू मी तिथे प्यालो. ताकात कोणी नासपती किसून घातल्यासारखी लागली. एक बाटली विकत घेतली, पायजम्यात गुंडाळली आणि ती फुटेल या धास्तीत कॅरीपर्यंत आलो.

आजींनी हात धुतले, चूळ भरली, ठेवणीतली वाटी काढली. घोट घेतला. छताकडे पाहिलं.

"गावची नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. "आजी, गावातूनच आणली आहे. विहीर मी डोळ्यांनी पाहिली. आणखी कुठली असणार?"

त्यांनी बाटलीवरचं गावाचं नाव बोट फिरवत वाचलं. दुसरा घोट घेतला, सावकाश. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग मी इतकी वर्षं काय ओतून देत होते?"

याची पुष्कळ उत्तरं माझ्याकडे साठलेली होती. मी त्यांची वाटी पुन्हा भरली.

त्या आठवड्यातला रांजण अंगणात गेला नाही. आमच्याकडे आला, पलीकडच्या घरात गेला, देशपांडे काकांकडेही मलाच पोचवायला लावला. त्रास काही कमी झाला नाही. आधी नुसता वास यायचा, आता प्यावीही लागायची आणि आजी समोर बसून चेहरा न्याहाळायच्या.

पुढे आजींचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा त्यांना टेक्सासला घेऊन गेला. मागच्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला होता. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"इथलं पाणी वाईट," त्या म्हणाल्या. "कॅरीची चव येत नाही."

"मग ओतून देता?"

"वेडा आहेस का? पितो आम्ही."